धाकटीची शिंक

मुख्याध्यापिकाबाई सरळ पार्लरच्या आत गेल्या आणि धाकटीच्या खुर्चीत बसल्या. काचेच्या दाराबाहेर टॉवेलांच्या घड्या घालत बसलेल्या थोरलीकडे बघून नुसत्या हसल्या. आजवर या बाईंनी थोरलीखेरीज कुणाला केसांना हात लावू दिला नव्हता.

पार्लर थोरलीचं. धाकट्या जावेच्या हातात कात्री दिली तीही तिनंच. पण केस उजळायच्या पावडरीनं थोरलीची छाती धरली. डबा उघडला की श्वासाची शिट्टी वाजायची. "एकाच खोलीतली हवा एकीला बाधते, दुसरीला नाही. छाती ज्याची त्याची," डॉक्टर म्हणाले. झालं! थोरली दाराबाहेर आणि धाकटी आत, राणीसारखी.

धाकटीनं वाडग्यात पावडर ओतली. पांढरा धुरळा उडाला. मास्क खिळ्यालाच लटकत होता. वर बयेनं वाडग्याच्या काठावरची पावडर फुंकर मारून उडवली! थोरलीच्या पोटात दुखलं. हिचा हलका हात, हिचं गोड बोलणं, सगळं तिनं पचवलं असतं. हिची छाती तेवढी पचत नव्हती.

तेवढ्यात आतून शिंक आली. पाठोपाठ आणखी दोन.

थोरलीच्या हातातली घडी अर्धीच राहिली. तिचंही असंच सुरू झालं होतं, शिंकांनी. तिला आनंद झाला. खरंच झाला, लाज वाटावी इतका.

नाक पुशीत धाकटी दारात आली. "ताई, हल्ली डबा उघडला की शिंका सुरू होतात. सुट्टीच्या दिवशी काही म्हणता काही नाही. तुम्हाला सुरुवातीला असंच व्हायचं का हो?"

थोरलीनं घडी पुरी केली. वरून हात फिरवला.

"छे गं! माझं एकदम छातीतच भरलं. तुझी ही साधी सर्दी. वाफ घे, जाईल."

"हुश्श! जीव भांड्यात पडला बघा. आजपासून मास्क लावणार होते. राहू दे आता, गुदमरायला होतं मेलं त्यात."

ती हसत आत वळली. दार अर्धवट उघडंच राहिलं.

थोरली उठली आणि तिनं ते नीट ओढून घेतलं. पावडर बाहेर यायला नको.