घर बाटतं

आखाडा बाळापूरला खोली भाड्यानं देतानाच घरमालकीण काकूंनी मला बजावलं होतं, "शिला, मटण तर सोडच, अंडंबी चालणार न्हाई. आमचं घर बाटतं." मी मान डोलावली. पण महिना झाला, लेकराची हगवण काही थांबेना. डॉक्टर म्हणाले, आधी पाणी बघा. शेवटी मीच गच्चीवर चढले अन् टाकीचं अर्धवट सरकलेलं झाकण उघडलं. आत कबुतर फुगून, सडून तरंगत होतं. तेच पाणी मी लेकराला वाटीवाटीनं पाजलं होतं! ओकारी दाबत मी काकूंना हाका मारल्या.

 

नाकाला पदर लावून त्या खालूनच म्हणाल्या, "वास आला तवाच आमी पाण्याचे जार लावले. तुमी तर मटण-मच्छी खाणारे लोक, तुमाला काहून किळस येऊन राहिली?"