जुळा ठोकळा

बोगद्याचं उरलेलं आयुष्य यंत्र सांगत असे. बोगद्याबरोबर ओतलेला काँक्रीटचा एक ठोकळा नियंत्रण कक्षात जपला होता. तो कायम नव्यासारखा राहील असं धरून यंत्र बोगद्याच्या भिंतींची ताकद त्याच्याशी ताडून पाही.

"यंदा आणखी दोन वर्षं वाढली," ठोकळ्यावर झेंडूची माळ चढवत कक्षातले जुने कर्मचारी शिवडेकाका म्हणाले. "बोगदा तरुण होतोय, मॅडम! आज खंडेनवमी, लेकही एसटीनं प्रसादाला येतेय."

"काँक्रीट तरुण कसं होईल, काका?" नव्यानं रुजू झालेल्या अभियंता ऋजुतानं विचारलं.

"सेवा करतो ना त्याची. दर सोमवारी दह्यादुधाचा अभिषेक."

"दह्याचा?"

तिनं माळ बाजूला सारून कोपरा अंगठ्यानं दाबला. ओल्या वाळूसारखा तो गळून पडला. आंबट दह्यानं ठोकळाच पोखरला होता आणि त्याच्या तुलनेत बोगदा धडधाकट ठरत होता.

"बोगद्याचं फाटक पाडा, काका! तो कधीही कोसळेल!"

"ते यंत्राच्या हुकमाशिवाय पडत नाही."

यंत्राचा दिवा हिरवा होता. कॅमेऱ्यात लाल एसटी बोगद्यात शिरताना दिसली. काकांचे हात सवयीनं ठोकळ्यापुढे जोडले गेले.