विसरलेला चष्मा

"बायको चष्मा विसरून गेली. त्याच्याशिवाय तिला धड पायरीसुद्धा दिसत नाही. नव्या घराचा पत्ता तेवढा द्या," म्हणत तो माणूस काकुळतीला आला. त्याच्या बायकोला गेल्याच आठवड्यात भाड्याचं घर शोधून देणारी एजंट म्हणाली, "कायद्याने ग्राहकाची माहिती कुणालाही देता येत नाही." धंद्यात भागीदार असलेले तिचे काका शेजारच्या टेबलावरून कुरकुरले, "अगं, नवरा आहे तिचा. कसला कायदा घेऊन बसलीस!" त्या माणसाच्या हातातल्या चष्म्याची काडी चिकटपट्टीने सांधलेली होती. ती बघून एजंटचंही मन द्रवलं. बिचारी ठेचकाळत असेल. तिने हात पुढे केला. "ठेवून जा. आत्ताच्या आत्ता नेऊन देते." "नको, मीच देईन." "अहो, तुम्हाला चष्मा पोचल्याशी मतलब ना?" चष्मा खिशात कोंबून तो तरातरा निघून गेला. काकांनी उठून दाराला आतून कडी घातली.