दुसरं क्लिक

पडद्यावर आधी चौकटीची रेघ उमटली, मग निळा रंग वरून खाली सावकाश झिरपू लागला. मोडीत काढलेल्या वॉशिंग मशीनमधल्या इवल्याशा प्रोसेसरवर ऋजुतानं हौसेनं अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम चढवली होती. खिडक्या, चित्रं, माउस, सगळं.

"अगं, हे चालतंय की झोपेत बरळतंय?" शेजारी बसलेल्या अप्पांनी विचारलं.

"उद्या पळवते बघा. वेग वाढवणारा नवा कोड तयार आहे."

अर्धांगाच्या झटक्यानंतर अप्पांनी माउस सोडला होता. लॅपटॉपवर त्यांचं दुसरं क्लिक नेहमी उशिरा पडायचं आणि फोटो उघडायचाच नाही. आज मात्र त्यांनी माउस सहज ओढून घेतला. फोटोवर एक क्लिक केलं. बोट थरथरलं, थांबलं. बऱ्याच वेळानं दुसरं पडलं. प्रोसेसर अजून निळ्या रंगातच गुंतला होता. भानावर आल्यावर त्याला दोन्ही क्लिक एकदमच मिळाली.

फोटो उघडला. ओळीओळीनं आधी समुद्र आला, मग वाऱ्यानं विस्कटलेले आईचे केस.

"थांबलं गं माझ्यासाठी," अप्पा पुटपुटले.

आईचा गॉगल उमटायच्या आत ऋजुतानं नवा कोड पुसून टाकला होता.