ताईचा सिनेमा

रक्त पिणाऱ्या सरदाराचा तो जुना इंग्रजी सिनेमा श्रीरंग साठीत आल्यावर पहिल्यांदाच पाहत होता. दुपारी लेकीने टीव्हीवर लावून दिला होता. शेजारी वसुधाताई मटार सोलत बसली होती.

सिनेमा इचलकरंजीच्या टॉकीजला लागला, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि टायफॉईडने अंथरुणाला खिळला होता. ताई मैत्रिणींबरोबर बघून आली आणि उशाशी बसून तिने त्याला अख्खी गोष्ट सांगितली. ओठांत खडूचे दोन तुकडे धरून तिने सुळेही दाखवले. तो घाबरून पांघरुणात शिरला आणि "पुढे काय झालं?" म्हणत पुन्हा बाहेर आला.

आता पडद्यावर सरदाराने किल्ल्यात अडकलेल्या मुलाला गाठलं. सकाळी गावकऱ्यांना त्याचं प्रेतच सापडलं.

"ताई, हा मेला?" श्रीरंग चमकला. "तू तर सांगितलेलंस, उजाडताच हा पळत घरी येतो आणि आईकडे खायला मागतो!"

ताईचे हात थांबले.

"आदल्याच दिवशी डॉक्टर आईला म्हणाले होते, फार आशा धरू नका. मी दाराआड उभी होते," ती म्हणाली. "मग तुला दुसरं काय सांगणार होते रे?"

श्रीरंगने टीव्ही बंद केला आणि तिच्याजवळ सरकून बसला.

"आता तुझा सिनेमा सांग," तो म्हणाला. "पहिल्यापासून."