सहा मिलिमीटरचा गोल

अकरा नंबरचा मेंदू एमोकेने पाहताक्षणी ओळखला. नावं पुसलेली होती, नियमाप्रमाणे स्कॅनमधले चेहरेही छाटलेले होते. पण डावीकडची पोकळी उजवीपेक्षा एवढी मोठी असलेला मेंदू सेगेद शहरातल्या त्या प्रयोगशाळेत एकच होता. “माझा माळा मोठा आहे, भाड्याने द्यायचाय,” असं विल्मोश तेव्हा सगळ्यांना सांगत सुटला होता.

नव्या अभ्यासाला पहिले मेंदू घरचेच लागतात. त्यामुळे कर्मचारी आणि त्यांचे नवरे-बायका एकेक करून मशीनमध्ये झोपले होते. मानधन म्हणून चीज घातलेला गरम पोगाचा, छोटा खारा पाव. आत अनोळखी चेहरे दाखवायचे, मधूनच आपल्या माणसाचा. विल्मोशला बायकोचा, म्हणजे एमोकेचा, फोटो दाखवला होता. गेल्या हिवाळ्यात तो ग्राझला एका दंतवैद्य बाईंकडे राहायला गेला. मेंदू तेवढा इथेच राहिला, सर्व्हरवर.

काम साधं होतं. मेंदूत खोल आत, जिथे ओढ उमटते असं सगळे धरून चालले होते, तिथे सहा मिलिमीटरचा एक गोल ठेवायचा. आपलं माणूस दिसल्यावर त्या गोलात सरासरी किती खळबळ झाली ते काढायचं आणि त्यातून अनोळखी माणसाची खळबळ वजा करायची. गोल कुठे ठेवायचा हे कुणाचाही आकडा बघण्याआधी ठरवून, सगळ्यांच्या सह्या घेऊन झालं होतं.

अकरा नंबरचा आकडा शून्याच्या जरासा खाली आला. म्हणजे अनोळखी बाई थोडक्यात जिंकली होती.

एमोकेने गोल किंचित पुढे सरकवला. शून्य. मग थोडा वर. आता आकडा छान आला, चारचौघांत सांगण्यासारखा. ती त्याच्याकडे बघत बसली.

विभागप्रमुख ओडोन काका मागे उभे राहून पोगाचा खात होते. कधीपासून, ते कळायला मार्ग नव्हता.

“सरकव, सरकव,” ते म्हणाले. “शोधत राहिलीस तर सारातल्या माशाच्या मुंडक्यातही प्रेम सापडेल.”

“माहितीये, काका. पोरांना हे मीच शिकवते.”

तिने गोल जागेवर नेऊन ठेवला आणि उरलेले मेंदू एकदम मोजायला लावले. पडद्यावर ठिपके उमटले. सगळे खाली दाटीवाटीने बसले होते, अकरावाही त्यांच्यातच. एक मात्र पार वर, एकटाच. संगणकाने तो लाल केला. बारा नंबर.

विल्मोश मशीनमधून बाहेर आल्यावर त्याच्या पाठोपाठ एमोके स्वतः आत झोपली होती. तिला त्याचा फोटो दाखवला होता.

“आत हलली असेल,” ती म्हणाली. हललेले मेंदू असेच भलते आकडे देतात.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि डोक्याच्या हालचालीची रेघ पाहिली. रेघ सरळ होती.

“हलली कसली. श्वाससुद्धा जपून घेतलेला दिसतोय.”

“मग ठेवायची?”

काकांनी पोगाच्यांची पिशवी तिच्यापुढे सरकवली.

“नाही गं पोरी. एकटीमुळे सगळ्यांची सरासरी बिघडते.”