झेल्याचे हक्क

“पुन्हा तुम्हीच?” म्हातारे चित्रकार उशीला टेकून नीट बसले. “कंपनीत दुसरं कुणी नाही वाटतं.”

“नाही साहेब, मलाच पाठवतात.” कंपनीच्या माणसाने दार आठवणीने लावून घेतलं, टायची गाठ सारखी केली आणि खुर्ची ओढली.

वृद्धाश्रमाच्या बाकीच्या खोल्यांत या वेळी लोक लवंडलेले असत. चित्रकार मात्र दाढी करून, सदऱ्याची सगळी बटणं लावून तयार असत. भांडायचं असलं की त्यांना हुशारी येई.

“झेल्याचे सिनेमाचे हक्क हवे आहेत, साहेब.”

“ते मागच्या खेपेलाही हवे होते.”

झेल्या हा त्यांच्या चित्रकथांचा नायक. एके काळी पोरं त्याच्या नव्या अंकासाठी दुकानं उघडायच्या आधीच जाऊन उभी राहत. झग्याखेरीज त्याच्यापाशी काही नव्हतं. त्याला उडताही येत नसे. कुणी उंचावरून पडलं की त्याच्याखाली तो नेमका उभा असे, बस्स.

“प्रकाशक म्हणतात, सगळे हक्क त्यांचेच आहेत,” कंपनीचा माणूस म्हणाला.

“त्यांना मी तो छापायला दिला होता. पडद्यावर नाचवायला नाही. ओसरी दिली म्हणून काय लगेच हातपाय पसरायचे?”

“आमच्या दिग्दर्शकांना वाटतं, झेल्याला थोडं उडवावं.”

“उडवावं?” चित्रकारांचा आवाज खणखणीत झाला. “अहो, वर उडणाऱ्याला खाली कोण पडतंय ते दिसणार कसं? चालते व्हा!”

माणूस उठला नाही. उलट खुर्ची जरा पुढे सरकवून त्याने विचारलं, “हा झेल्या तुम्हाला सुचला कुठून?”

चित्रकारांचा राग ओसरला. त्यांनी पांघरुणाची कड बोटांत धरली.

“माझा पोरगा. जिन्याच्या कठड्यावर चढला आणि म्हणाला, बाबा, झेला! मी खालीच उभा होतो. पण हातात ब्रश होता, ओला. तो टाकायचं काही सुचलं नाही.”

“मग?”

“मग काय, हात मोडला त्याचा. दवाखान्यातून आलो आणि पहिला झेल्या काढला.”

“रागावला असेल तो तुमच्यावर.”

“छे! प्लास्टरवर झेल्या काढून घेतला आणि शाळाभर मिरवत फिरला, गुलाम!” चित्रकार खो खो हसले. हसता हसता ठसका लागला. माणसाने पाण्याचा पेला त्यांच्या ओठांशी धरला आणि दुसऱ्या हाताने पाठ चोळली.

“माणूस बरे आहात,” पाणी पिऊन ते म्हणाले. “पण पेलाभर पाण्यावर मी पाघळायचा नाही. हक्क मिळणार नाहीत. ते पोरासाठी राखून ठेवलेत. तो आला की त्याच्याशी बोला.”

“कधी येतात ते?”

चित्रकारांनी बंद दाराकडे बघितलं.

“कामात असतो हो. येईल.” मग एकदम करड्या आवाजात म्हणाले, “तुम्ही पुढच्या आठवड्यात या. तेव्हाही नाहीच म्हणणार आहे.”

“येतो,” माणूस म्हणाला. त्याने पांघरूण त्यांच्या पायांवर नीट घातलं आणि बाहेर पडून दार हळूच ओढून घेतलं.

दिवाणखान्यात टीव्ही लागला होता. पडद्यावर झेल्या, झगा फडकवत, उंच इमारतींवरून उडत होता. सिनेमा येऊन इतकी वर्षं झाली होती की बघणाऱ्यांतले दोघे पुढचे संवाद आधीच म्हणत होते. कंपनीच्या माणसाने तिकडे मान वळवली नाही. चालता चालता त्याने टाय काढला, गुंडाळून खिशात कोंबला.

फाटकापाशी परिचारिका भेटली. त्याचा चेहरा पाहून तिने आवाज खाली आणला.

“आज तरी ओळखलं का हो तुमच्या बाबांनी?”